देऊळ कुठं गेलं?

बारामती,
पौष वद्य पंचमी



तू पाठवलेले कॅमेऱ्यांचे तीन फोटो पाहिले. तिन्ही कॅमेरे चांगले आहेत आणि तिन्ही तुला आत्ता नकोत. हे फोनवरच सांगून मोकळा झालो असतो, पण तू रुसशील, मग ताई मला फोन करेल, म्हणून बसून लिहितो आहे. तसंही फोनवर तू 'हो मामा, हो मामा' करत निम्मं ऐकतच नाहीस.

तुझं काम मला समजलं ते असं. मोरगावला मयूरेश्वराच्या दर्शनाला आलेला पुण्या-मुंबईचा माणूस परतताना रस्त्याकडेचे 'प्लॉट विकणे आहे'चे बोर्ड वाचतो. पुणं पासष्टेक किलोमीटर, जेजुरी सतरा. रविवारी यावं, रविवारी परतावं, म्हातारपणी इथंच दोन खोल्या बांधाव्यात असं त्याच्या मनात येतं. घरी गेल्यावर तो मोबाइलवर व्हिडिओ बघत बसतो. एजंट मंडळींना तो व्हिडिओ हवा असतो आणि तो तू करून देतेस. चार प्लॉट, दोन फार्महाऊस आणि तरडोलीकडचं एक जुनं घर एवढं तू साध्या फोनवर केलंस, पैसेही मिळाले. आता माघी यात्रेच्या आत दीड लाखाचा फुल फ्रेम कॅमेरा हप्त्यानं घ्यायचा म्हणतेस.

कॅमेऱ्याचं पुढं बोलू. आधी माझी एक चूक ऐक. ही ताईलाही ठाऊक नाही.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. स्टुडिओ जेमतेम चालत होता. पासपोर्ट साइज, लग्नं, बारशी, बँकेच्या कर्जासाठी घराचे फोटो, कधी पंचनाम्याचे. माझ्याकडं निकॉन एफएम२ होता आणि त्यावर ७०–२१० ची झूम लेन्स. लेन्स नवी होती, तेव्हा ती मिरवायची हौस फार. मोरगावाबाहेर प्लॉट पाडणाऱ्या एकानं पत्रकासाठी फोटो मागितला. म्हणाला, 'देवळाच्या सावलीत वाटलं पाहिजे.' मी प्लॉटच्या मागं अर्धा किलोमीटर, उंचवट्याच्या माळावर जाऊन उभा राहिलो. झूम पूर्ण ओढली. समोर चुन्याच्या फक्क्या मारलेला प्लॉट आणि त्याला अगदी चिकटून देवळाचे कोपऱ्यावरचे मिनार. फोटो असा सुरेख आला की तो छापून यायच्या आधी मीच दहा जणांना दाखवला.

भूमिपूजनाचे फोटो काढायलाही मीच होतो. ट्रॅक्समधून एक निवृत्त गृहस्थ आणि त्यांची बायको उतरली. इसार आधीच देऊन बसले होते. त्या माणसानं हातात पत्रक धरून प्लॉटवर उभं राहून एक गिरकी घेतली, मग दुसऱ्या बाजूनं एक घेतली आणि विचारलं, 'देऊळ कुठं गेलं?' प्लॉटवाल्यानं हात लांब करून बाभळींच्या वर दिसणारा एक ठिपका दाखवला. दीड किलोमीटर. गृहस्थ भांडले नाहीत. त्यांनी पत्रकाची घडी घातली, शर्टाच्या खिशात ठेवली आणि बायकोला म्हणाले, 'पाणी दे.' मी फिल्म गुंडाळायचं नाटक करत तोंड फिरवून उभा होतो.

आता यातलं शास्त्र समजून घे, कारण तुला ते रोज लागणार आहे. लोक म्हणतात टेली लेन्स लांबचं जवळ आणते. तसं नाही. जवळ-लांबचं नातं ठरतं ते आपण उभं राहतो त्या जागेवरून. मी प्लॉटपासून अर्ध्या किलोमीटरवर होतो, देवळापासून दोनावर. म्हणजे देऊळ प्लॉटच्या फक्त चौपट लांब. प्लॉटवरच उभा राहून दहा-पंधरा मीटरवरचा दगड धरला असता, तर देऊळ त्याच्या शंभरपट लांब. लेन्सनं एवढंच केलं की त्या दूरच्या चित्राचा मधला तुकडा कापून मोठा करून दिला. प्लॉटही खरा, देऊळही खरं. मधली शेतं, ओढा आणि रस्ता नसलेली वाट तेवढी माझ्या जागेनं गिळली.

तुझ्या पिढीची चूक याच्या बरोबर उलटी आहे. तुम्ही खोल्या फुगवता. तुझ्या फोनमधला तो '०.५' आहे ना, फुल फ्रेमच्या हिशोबानं तो साधारण १३ मिलिमीटर असतो, आडवा कोन १०८ अंशांच्या आसपास. तरडोलीच्या घराचा व्हिडिओ तू त्याच्यावर केलास. मी ते घर पाहिलंय. पुढची खोली दहा बाय बारा आहे. तुझ्या व्हिडिओत तिथं कबड्डीचा सामना भरवता येईल असं वाटतं. आणि कडेला ठेवलेली प्लॅस्टिकची खुर्ची बघ, ताणून बाकडं झालीय. बघणारा हे शब्दांत सांगू शकत नाही, पण खुर्ची केवढी असते हे त्याला पक्कं माहीत असतं. मग जागेवर आल्यावर पहिल्या पावलातच त्याचा चेहरा पडतो. एजंट म्हणतो, 'गिऱ्हाईक बघून जातं, परत येत नाही.' कसं येईल?

मग किती रुंद घ्यावं? याला अंदाज लागत नाही, घराचा कोपराच सांगतो. खोलीचा कोपरा काटकोनात असतो. पाठ कोपऱ्याला टेकवून दोन्हीकडच्या भिंती घ्यायच्या तर ९० अंश लागतात आणि फुल फ्रेमवर ९० अंश म्हणजे १८ मिलिमीटर. तेवढी तुझी हद्द. तिच्याखाली उतरलीस की जे माणसाला उभं राहून दिसतच नाही ते दाखवायला लागतेस. मोठ्या खोलीत २४ पुरते, ७४ अंश. परसात, अंगणात ३५ वर ये.

आता तुझा फुल फ्रेम. त्याचा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटर, अंधारात बरा चालतो, मागचं धूसर करून माणूस उठावात आणतो. लग्नाला उत्तम. पण घराच्या व्हिडिओत मागचं धूसर कुणाला हवंय? घेणाऱ्याला मागची भिंतच तर बघायची असते, तिच्यावर ओल आहे का ते. तुला एफ/८ लावून दारापासून खिडकीपर्यंत सगळं स्पष्ट ठेवायचंय. त्यासाठी त्याहून लहान एपीएस-सी सेन्सर भरपूर झाला. त्यात लेन्सच्या आकड्याला दीडनं गुणायचं, कॅननला १.६ नं. म्हणजे १०–१८ ची लेन्स सोनीवर १५–२७ सारखी वागते, कॅननवर १६–२९ सारखी. तुला हव्या त्या सगळ्या रुंद्या एका लेन्समध्ये आल्या. सोनीचा झेडव्ही-ई१० किंवा कॅननचा आर५०, यातला जो चांगल्या स्थितीत वापरलेला मिळेल तो घे आणि पैसे काचेवर घाल. दोन्हींच्या बॉडीत सेन्सर हलवून स्थिर करायची सोय नाही. कॅननची २०२३ साली आलेली १०–१८ ची लेन्स मात्र स्वतः थोडं सावरून घेते. दुकानदार सांगेल, 'इलेक्ट्रॉनिक स्टेडी आहे की!' आहे, पण ते चालू केलं की चित्राच्या कडा कापल्या जातात. रुंद लेन्सला पैसे मोजायचे आणि मेनूतल्या एका बटणानं ती अरुंद करायची, हा उद्योग मी एका पोराला सहा महिने करताना पाहिलाय.

चालता चालताच शूट करायचं असेल तर डीजेआयचा तो खिशात मावणारा ऑस्मो पॉकेट ३ बघ. एक इंची सेन्सर, साधारण २० मिलिमीटरची रुंदी आणि डोकं तीन बाजूंनी सावरणारं. आमच्या वेळी पॅनासॉनिकचा एम९००० खांद्यावर घेऊन वरातीपुढं उलटं चालावं लागे. खांदा अजून दुखतो. तरी माझं मत विचारशील तर घरात चालूच नकोस. ट्रायपॉड लाव, छातीच्या उंचीवर, कॅमेरा वर-खाली न झुकवता. झुकवलास की भिंती तिरक्या होतात आणि घर पडायला आल्यासारखं दिसतं. एका खोलीचा आठ-दहा सेकंदांचा स्थिर शॉट बघणाऱ्याला नजर फिरवू देतो. गिंबल घेऊन दारादारांतून सुळकन जाणारा शॉट दिसतो झकास, पण बघून झाल्यावर विचार, बाथरूम कुठल्या बाजूला होतं? एकाला सांगता येणार नाही.

तीच गोष्ट मापाची. व्हिडिओत आकडे सांगण्यापेक्षा ओळखीची वस्तू ठेव. स्वयंपाकघरात गॅसची टाकी फ्रेमच्या मधोमध येऊ दे, कडेला नको, कडेला ती फुगते. टाकी केवढी असते हे अख्ख्या महाराष्ट्राला माहीत आहे. बाईमाणसाला लगेच कळतं की ओट्यापुढं दोघी उभ्या राहतील की एकच. जुन्या घरात खांब दाखव. आपल्याकडं घर खणांत मोजायची रीत होती. म्हातारी माणसं अजून खांब मोजूनच घर किती खणांचं ते ओळखतात.

जुन्या घरावरून उजेडाचं आठवलं, कारण तुझी सगळ्यात मोठी अडचण तीच आहे आणि तिला कॅमेरा जबाबदार नाही. माळवदाच्या घरात माजघर काळंकुट्ट आणि दारातून मोरगावचं ऊन आत घुसलेलं. कॅमेरा दार बघून सेट केलास तर घर गुहा, घर बघून सेट केलास तर दार म्हणजे पांढरा कागद. महागडे कॅमेरे लॉग नावाच्या प्रोफाइलमध्ये दोन्ही टोकं बऱ्यापैकी पकडतात, पण मग रंग बसवत रात्र जाते. मी काय करायचो सांगतो. बँकेच्या फोटोसाठी एका वाड्यात गेलो होतो. फ्लॅश मारला तर खांबांच्या सावल्या भिंतीवर भुतासारख्या येत. घरातल्या आजींकडून धुतलेली पांढरी चादर मागितली आणि दोन पोरांना ती दाराबाहेर, फ्रेममध्ये येणार नाही अशी, उन्हात तिरकी धरायला लावली. ऊन चादरीवरून उडून आत आलं. माजघरातल्या उतरंडीची मडकी एकेक करून दिसायला लागली, तळापासून वरपर्यंत, आणि आजी म्हणाल्या, 'माझ्या लग्नापासून इथं एवढं कधी दिसलं नव्हतं.' चादरीला भाडं पडत नाही. शिवाय वेळ सांभाळ. सकाळी नऊच्या आत किंवा साडेचारनंतर, आणि खिडकीवर ऊन थेट नसेल अशी बाजू. फार्महाऊसवाला बारा वाजता या म्हणाला तर त्याला म्हण, बारा वाजता जेवायला येते.

ट्यूबलाइट असेल तिथं तुझ्या व्हिडिओत पट्टे धावतात. ते फोन बिघडल्यामुळं नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवा सेकंदाला शंभरदा कमी-जास्त होतो. कॅमेऱ्याच्या मेनूत पाल निवड, २५ फ्रेम, शटर १/५० किंवा १/१००. पट्टे बंद. शटर आणि व्हाइट बॅलन्स हातानं बांधून ठेवता येत नाही असा कॅमेरा फुकट मिळाला तरी घेऊ नकोस. एका खोलीतून दुसरीत जाताना भिंती पिवळ्याच्या निळ्या होतात त्या व्हाइट बॅलन्स आपोआप बदलल्यामुळंच. बाहेर भर उन्हात १/५० ठेवायचं तर काचेपुढं एनडी फिल्टर लागेल, त्याला काळा चष्मा समज. आणि माईक लावायचं भोक हवं. आषाढात माळावर वारा असा घोंघावतो की तुझं बोलणं नुसतं फडफड ऐकू येतं. माईकला ती केसाळ टोपी घाल.

आवाजावरून एक तक्रार. प्रत्येक प्लॉटच्या व्हिडिओखाली आरती लावायची पद्धत कुणी काढली? समर्थांना गणपतीची आरती मोरगावात सुचली असं आपण मानतो, म्हणून ती चुन्याच्या फक्क्यांवर वाजवायची? तुला आवडत असेल तर लाव, पण मग मला व्हिडिओ पाठवू नकोस.

तू विचारलंस, 'मामा, कॅमेरा भारी असला की काम भारी मिळतं ना?' मिळतं, नाही असं नाही. भाव करताना हातातला कॅमेरा समोरचा बघतोच. पण फाळक्यांचं बघ. १९१२ साली लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला, आणि पैसेवाल्यांना पटवायला त्यांनी काय दाखवलं? एक वाटाणा. तो कुंडीत लावून रोज थोड्या थोड्या फ्रेम घेत त्याचा वेल होताना दाखवला आणि त्यावर भांडवल उभं राहिलं. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांकडं तर विकतचा कॅमेराही नव्हता, त्यांनी कारखान्यात स्वतः घडवला आणि 'सैरंध्री' १९२० ला पडद्यावर आणला. त्याच बाबूरावांनी १९२५ मध्ये 'सावकारी पाश' काढला. सावकाराच्या कागदात अडकून जमीन गमावणारा शेतकरी, ते काम तरुण शांतारामबापूंनी केलं. बघ, जमिनीचा कागद आणि कॅमेरा यांची गाठ शंभर वर्षांपूर्वीच पडलेली आहे. फक्त तिथं कॅमेरा जमीन जाणाऱ्याच्या बाजूनं उभा होता.

तुझा उभा कुठं राहणार ते तू ठरव, पण कायदा माहीत असू दे. व्हिडिओ ही जाहिरातच. २०१६ च्या रेरा कायद्याचं १२ वं कलम सांगतं की खोट्या जाहिरातीवर विसंबून कुणी पैसे दिले आणि त्याचं नुकसान झालं तर भरपाई द्यावी लागते. पाचशे चौरस मीटरांहून मोठ्या जागेवर आठाहून जास्त प्लॉट पाडून विकायचे तर महारेराची नोंदणी लागते, आणि १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोडही. शूटिंगची तारीख देण्याआधी नंबर माग. 'नंतर टाकू' म्हणणाऱ्याकडून पैसेही नंतरच येतात.

ड्रोनचं तू लिहिलं नाहीस, पण पुढचा फोटो त्याचाच येणार हे मला माहीत आहे. जमिनीला तो खरोखर उपयोगी आहे. रस्ता कुठून येतो, ओढा कुठं वळतो, शेजारी काय आहे, हे वरून एका नजरेत कळतं. २०२१ च्या नियमांत २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला वैमानिकाचं प्रमाणपत्र लागत नाही. धंद्यासाठी त्याहून मोठा उडवायचा तर लागतं. २०२२ पासून परदेशी ड्रोनची आयात बंद आहे, तेव्हा कुणी 'बाहेरून आणून देतो' म्हणालं तर लांब राहा. उडवण्याआधी डिजिटल स्कायचा नकाशा बघायचा. सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यावर न्यायचाच नाही. चिंकारा आधीच भित्रा, वर ही घरघर. चतुर्थीला देवळावरही नको.

आणि व्हिडिओत प्लॉटवर ती पिवळी चमकणारी हद्द ओढतेस ना, ती कशावरून ओढतेस? एजंटानं बोट दाखवलं त्यावरून. भूमी अभिलेखच्या मोजणीचा नकाशा हातात नसेल तर रेघ ओढू नकोस. आपल्याकडं एका बांधापायी दोन पिढ्या बोलत नाहीत, आणि तू फोनवर अंगठा फिरवून बांध हलवतेस.

आणखी एक, हे कुठल्याच कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकात नसतं. व्हिडिओवर तारीख टाक. भाद्रपदात कऱ्हेला पाणी असतं, माळ हिरवा असतो, विहीर हाताला लागते. त्या वेळचा व्हिडिओ खोटा नाही. पण तोच चैत्रात कुणी बघितला तर? आपला पट्टा जिरायती, उन्हाळ्यात टँकरची वाट बघणारा. विहिरीचा शॉट घेताना महिना आणि साल कोपऱ्यात दिसू दे. जमलं तर दोनदा जा, एकदा पावसाळ्यानंतर आणि एकदा वैशाखात, आणि दोन्ही शेजारी शेजारी लाव. एजंट कुरकुरेल. त्याला सांग, वैशाखातली विहीर बघूनही जे फोन करतं तेच खरं गिऱ्हाईक, बाकीच्यांना गाडीत घालून फिरवायचं डिझेल वाचलं.

तर हिशोब असा. हप्ता काढू नकोस. माघी यात्रेपर्यंत आहे त्या फोनवरच काम कर, मुख्य लेन्सवर, ०.५ ला हात न लावता. एक वायरलेस माईक घे. फुल फ्रेमची हौस असेल तर पुण्यातून दोन दिवस भाड्यानं आण, त्याच घरात दोन्हींनी शूट कर आणि मला न सांगता दोन्ही पाठव. मला फरक ओळखता आला तर पुढं बोलू. चैत्रात आर५० किंवा झेडव्ही-ई१० बघायला मी येईन तुझ्याबरोबर. वापरलेला कॅमेरा घेताना काचेत बुरशी आहे का हे बघायला म्हातारे डोळेच लागतात, टॉर्च घेऊन.

ट्रायपॉड मात्र विकत घेऊ नकोस. माझा माळ्यावर आहे. रविवारी येऊन घेऊन जा, ताईला म्हणावं जेवायला इकडंच.

तुझा,
मामा

ता. क. ट्रायपॉडचा डावा पाय उघडताना अडतो. जोर लावू नकोस, गुडघ्यावर एकदा हलकं आपटायचं, सुटतो. त्याच्या पिशवीत शंभर फुटी टेपही आहे. पहिल्या दोन फुटांवरचे आकडे पुसलेत, म्हणून तीनपासून मोज आणि तीन वजा कर.